सतरा नंबरचा बुडबुडा

५ मार्च, मंगळवार

सतरा नंबर तिसऱ्यांदा वर गेला. तिसरी चिप, नवी कोरी, सकाळी मी स्वतः धुतलेली — आणि तरी वर!

त्याला वर जायचं काही कारणच नाही. सतरा नंबर निरोगी माणसांच्या गटातला. आमची चिप नखाएवढी. तिच्यावर सोन्याचे कण बसवलेले, एका केसाच्या जाडीत हजारभर मावतील एवढे बारीक. त्या कणांवर आम्ही जे काही चढवलंय त्याला रक्तातलं एकच प्रथिन चिकटतं, दुसरं काही नाही. आतड्याजवळच्या एका कॅन्सरमध्ये ते प्रथिन वाढतं. लाखात चारपाच जणांना होणारा कॅन्सर. म्हणून तर दोन वर्षं तीन हॉस्पिटलांचे उंबरे झिजवून पेशंटचे नमुने मिळाले फक्त नऊ. निरोगी माणसांना मात्र तोटा नाही. कॉरिडॉरमध्ये जो सापडला त्याची बाही वर! मी दिलं, सरांनी दिलं, ग्रंथपालबाईंनी दिलं, दर गुरुवारी नायट्रोजनचं सिलिंडर आणणाऱ्या काकांनी दिलं. ताईने आणि भाऊजींनी माझ्या भिडेखातर दिलं. सगळे मिळून पंचवीस. चोवीस आणि एक राखीव.

कुठला नंबर कोणाचा ते मला माहीत नाही. माहीत असता कामा नये असा नियमच आहे. रक्त काढून नळ्यांवर नंबर टाकणाऱ्या नर्सबाईंच्या कपाटात यादी, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात. मी त्यांना कुलूपबाई म्हणते. तोंडावर नाही अर्थात.

शुक्रवारी पेपर पाठवायचाय. लाखात चार माणसं शोधायला निघालेली चिप चोवीसात एका धडधाकट माणसाकडे बोट दाखवत असेल, तर तिला कोण विचारणार? सर डोकावले, पडद्याकडे बघून "बुडबुडा असेल" म्हणाले आणि मीटिंगला गेले. चिपवरच्या बारीक नळीत हवेचा बुडबुडा अडकला की आकडा उगाच उडी मारतो. असा आकडा वगळायला हरकत नसते. वहीत तसं लिहायचं, झालं.

मी भिंग लावून पाहिलं. तिन्ही वेळा पाहिलं. बुडबुडा नव्हता.

प्रयोगाच्या वहीत लिहिलं — बुडबुडा, बुडबुडा, बुडबुडा. नमुना १७ वगळला, राखीव २५ घेतला. खाली सही. एरवी माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आज कसं सुबक आलं!

६ मार्च, बुधवार

आलेख देखणा झालाय. चोवीस खाली, नऊ वर, मधे मोकळं मैदान. दहा वेळा तरी बघितला.

८ मार्च, शुक्रवार

पेपर गेला. सरांनी सगळ्यांना केक खिलवला. मला दोन तुकडे, कारण "हिने रक्त आटवलंय". सगळे हसले. मीही हसले. दुसरा तुकडा नंतर टिश्यूत गुंडाळून टाकून दिला.

१९ एप्रिल, शुक्रवार

पेपर स्वीकारला! तपासणाऱ्यांपैकी एकाने मुद्दाम लिहिलंय — एकाही निरोगी व्यक्तीच्या बाबतीत चुकीचा इशारा मिळाला नाही, हे विशेष उल्लेखनीय.

हो. फारच उल्लेखनीय.

२३ एप्रिल, मंगळवार

स्वतःची समजूत घालण्यात मी पटाईत आहे. आजची समजूत अशी: अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांमध्येही हे प्रथिन वाढतं. सगळ्या जगाला माहीत आहे. सतरा नंबर कोणीतरी पित्ताचा माणूस असणार, फॉर्मवर गोळ्यांचा रकाना भरायला विसरला असणार. म्हणजे नमुना तसाही बादच होता. म्हणजे मी योग्यच केलं, फक्त कारण चुकीचं लिहिलं.

जेवण व्यवस्थित गेलं आज.

११ जून, मंगळवार

दहावा पेशंट मिळाला. पाच महिन्यांनी एक! सकाळी साडेदहाला नळी आली, अकराला चिपवर चढवली आणि खुर्ची ओढून बसले.

रेघ हळूहळू वर चढायला लागली. आधी काहीच नाही, मग जरा कलली, मग चढ, मग वर जाऊन सपाट. मी बघत होते. ही रेघ मी आधी पाहिली होती.

बुडबुडा उडी मारतो. रेघ सरळ उभी राहते आणि धाडकन खाली येते. अ‍ॅसिडिटीवाल्यांचे नमुने आम्ही मागच्या वर्षी मुद्दाम तपासले होते. त्यांची रेघ थोडी चढते आणि अर्ध्यावरच थकते. कणांवर ते प्रथिन खरोखर भरभरून येऊन बसायला लागलं तरच रेघ अशी चढते. मशीन काही विसरत नाही. मार्चच्या फाइली काढल्या, सतरा नंबरच्या तिन्ही रेघा आजच्या रेघेवर ठेवल्या. चारही एकमेकींवर अशा बसल्या की वेगळ्या दिसेनात.

मला मार्चमध्येही दिसलं होतं. तेव्हा दिसलं नव्हतं असं इथे लिहून काय उपयोग? ही वही तर कोणी तपासत नाही.

कोणीतरी चालतंय, फिरतंय, ऑफिसला जातंय, आणि त्याच्या पोटात ते आहे. मला ते तीन महिन्यांपूर्वी कळलं होतं आणि मी ते खोडून टाकलं.

१२ जून, बुधवार

बोटांवर मोजते आहे. पंचवीस माणसं. त्यातली मी एक, सर एक. उरले तेवीस. ग्रंथपालबाई. काचसामान धुणाऱ्या मावशी. सिलिंडरवाले काका. शेजारच्या लॅबमधली सहा जणं. भाऊजी. ताई.

ताई. ताई बारीक झाली आहे.

हे मला आज सुचलं. मेमध्ये ती भेटली तेव्हा मी तिला म्हणाले होते, काय मस्त दिसतेस!

१३ जून, गुरुवार

सकाळी सरांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. ते म्हणाले, राजीनामा देतेस की लग्न करतेस? म्हटलं, दोन्ही नाही, सर. आणि सांगून टाकलं.

सर वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, मग चारही रेघांचा कागद बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, पण तू बुडबुडा लिहिलंयस. सही आहे तुझी.

"बुडबुडा नव्हता, सर."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

मग ते डॉक्टर आणि आपण यांतला फरक सांगत बसले. आपली चिप अजून कुठल्या हॉस्पिटलने मान्य केलेली नाही. फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय की रक्त देणाऱ्याला निकाल कळवला जाणार नाही. उद्या एखाद्या धडधाकट माणसाला आपण घाबरवलं, त्याचं पोट फाडलं आणि आत काही नसलं तर? सगळं खरं होतं. याच सगळ्या गोष्टी मी रात्रंदिवस स्वतःला सांगत होते. त्यांच्या तोंडून ऐकताना मात्र त्या सारवासारवीसारख्या वाटल्या.

मधेच दारावर टकटक. सिलिंडरवाले काका पोचपावतीवर सही मागायला आले होते. मी सही केली, त्यांनी ऊन फार वाढलंय म्हणून सांगितलं आणि गेले.

सर शेवटी म्हणाले, दोन दिवस दे मला.

दिले. तीन महिने मी स्वतःला दिले होते, त्यांना दोन दिवस द्यायला नाही कुठल्या तोंडाने म्हणू?

१४ जून, शुक्रवार

दोन दिवस धीर निघाला नाही. कुलूपबाईंकडे गेले. दुपारचं त्यांचं काम आटोपलं होतं, त्या सुया मोजून डब्यात टाकत होत्या. म्हटलं, फक्त एक नंबर बघायचाय. कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, नुसती नाही अशी मान हलवली.

मग कारण सांगितलं. सगळं. त्यांचं मोजणं थांबलं.

मला वाटलं आता किल्ली निघेल. नाही निघाली. म्हणाल्या, "आज मी तुला यादी दाखवली, तर उद्या लोक कोणाच्या भरवशावर हात पुढे करतील?"

मी म्हटलं, एखाद्याचा जीव जाईल हो.

"म्हणून तर म्हणते, एथिक्स समितीकडे अर्ज कर. त्यांचा हुकूम आला की त्याच दिवशी मी स्वतः त्या माणसाला फोन करते. पण खरं लिही. बुडबुड्यासकट लिही."

आणि पुन्हा पहिल्या सुईपासून मोजायला लागल्या. मला ती किल्ली हिसकावून घ्यावीशी वाटली. एवढ्या बारक्या बाईचा केवढा धाक!

१६ जून, रविवार

ताईकडे गेले. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान रविवारी बंद असतं, पण मशीन चालूच. स्वतःचाच स्कर्ट कमरेत आत घेत होती. "बघ, दुसऱ्यांदा घेतेय," म्हणाली, मोठा पराक्रम केल्यासारखी.

मी कॉफी प्यायले. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, पोट बिट ठीक आहे ना तुझं? ती म्हणाली, अ‍ॅसिडिटी आहे, रोज एक गोळी घेते, किती वर्षं झाली.

फॉर्मवर तर तू नाही लिहिलंस, म्हटलं, नाहीतर तुझं रक्त घेतलंच नसतं!

तिला हसू आवरेना. त्या फॉर्मवर काय काय विचारलं होतं म्हणे, मी वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही अशा खुणा करत गेले, तुझी नर्स नुसती बघत होती.

म्हणजे सतरा नंबर ताईचा असेल आणि गोळ्यांमुळे वर गेला असेल. पण रेघ गोळ्यांची नव्हती. म्हणजे गोळ्या आणि ते, दोन्ही? स्कर्ट दोनदा आत घ्यावा लागला तो कशाने? स्कर्टच्या कमरेला टाचण्या लावलेल्या होत्या आणि मी टाचण्यांकडेच बघत बसले होते.

म्हटलं, पोट दाखवून घे एकदा. सोनोग्राफी कर. ती म्हणाली, बरं बाई. मी म्हटलं, बरं नाही, या आठवड्यात. तेव्हा तिने मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "काय झालंय?"

काही नाही, म्हटलं. वय झालंय तुझं.

उशी फेकून मारली मला. लहानपणापासून तिचा नेम चुकत नाही.

१८ जून, मंगळवार

अर्ज चार वेळा लिहिला. पहिल्यात: सदर नमुना अनवधानाने वगळला गेला. अनवधानाने! दुसऱ्यात: तांत्रिक कारणास्तव वगळण्यात आला. तिसऱ्यात बुडबुड्याबद्दल दीड पान, वाचणाऱ्याला शेवटी माझीच दया यावी असं. चौथा सहा ओळींचा. बुडबुडा नव्हता. मला ते माहीत होतं. पेपर वेळेवर जावा म्हणून मी खोटं लिहिलं. त्या व्यक्तीला ताबडतोब कळवावं.

चौथा पाठवला.

२० जून, गुरुवार

सरांनी अर्जाची प्रत मागून घेतली. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली — बुडबुडा असेल हे प्रथम मी सुचवलं, न तपासता. सही. मग म्हणाले, पेपर मागे घेण्याचं पत्र मी लिहितो, तू नको, तू उगाच चार वेळा लिहिशील.

त्यांना कसं कळलं?

बाहेर आले आणि जिन्यात रडले. काचसामान धुणाऱ्या मावशी वर येत होत्या. कोणी ओरडलं का, म्हणाल्या. नाही, म्हटलं. तेच तर.

२७ जून, गुरुवार

समिती. लांब टेबल, पाच माणसं, पाण्याचे पाच पेले. माझ्यासमोर पेला नव्हता. एक वकीलबाई होत्या, त्यांनी माझी प्रयोगाची वही उघडून ते पान सगळ्यांना दाखवलं.

"तीन चिपा. तीन बुडबुडे. तिन्ही एकाच माणसाच्या रक्तात?"

हो, म्हटलं.

"आणि बाकीच्या नमुन्यांत सबंध महिन्यात एकही नाही."

नाही.

"बुडबुडे फार हुशार निघाले तुमचे."

कोणी हसलं नाही. माझे कान तापले. मग त्यांनी विचारलं, हे रक्त कोणाचं असेल असं वाटतं तुम्हाला? मी ताईचं नाव घेतलं नाही. माहीत नाही म्हटलं. हेही अर्धं खोटंच. एकदा सवय लागली की सुटत नाही.

ठरलं असं: उरलेला नमुना हॉस्पिटलच्या मान्य लॅबमध्ये जुन्या पद्धतीने तपासायचा. तिथेही वर आला तर कुलूपबाई यादी उघडतील आणि फोन करतील. मला काही कळवलं जाणार नाही. माझ्यावर काय कारवाई ते नंतर. करा म्हणावं. मला त्याचं काहीच वाटत नाहीये, याचंच आश्चर्य वाटतंय.

२ जुलै, मंगळवार

रोज ताईला फोन. काल झिप कशी बदलतात हे विचारायला, आज तिच्या दुकानासमोर रस्ता खणलाय तो बुजवला का हे विचारायला. ती म्हणाली, तुला काही काम उरलं नाही का तिकडे?

सोनोग्राफी झाली तिची. काही नाही निघालं. भाऊजी म्हणाले, उगाच घाबरवलंस. मी हो हो म्हटलं. पण ही गाठ वाटाण्याएवढी असली तर सोनोग्राफीत दिसत नाही, हे भाऊजींना माहीत नाही आणि मला माहीत आहे. हॉस्पिटलातून फोन आला का, एवढंच मला विचारायचं असतं. तेवढं सोडून सगळं विचारते.

४ जुलै, गुरुवार

आज सिलिंडर दुसराच माणूस घेऊन आला. मी पोचपावतीवर सही करता करता विचारलं, काका कुठेत? तो म्हणाला, त्यांना हॉस्पिटलात बोलावलंय, इथल्याच नर्सबाईंचा फोन आला होता, रक्ताचं काहीतरी निघालंय म्हणे.

माझी सही अर्धीच राहिली.

आता जे झालं ते लिहायलाच हवं. मला आनंद झाला. काका आहेत, ताई नाही! भिंतीला टेकून उभी राहिले आणि अक्षरशः हसू फुटलं तोंडातून. समोरचा माणूस बघतच राहिला.

मग मोजलं. मार्चपासून सतरा गुरुवार. एवढ्या वेळा ते माझ्यासमोर उभे राहिले, मी सही केली, त्यांनी उन्हाबद्दल काहीतरी सांगितलं. आणि रक्त द्यायला त्यांना मीच अडवलं होतं कॉरिडॉरमध्ये. एक माणूस कमी पडत होता म्हणून. त्यांना सुईची भीती वाटते, तोंड फिरवून बसले होते.

आनंद झाला मला.

१२ जुलै, शुक्रवार

निघाली. आतड्याच्या वळणाजवळ, वाटाण्यापेक्षा जराशी मोठी. तीच.

कुलूपबाईंनी मला सांगितलं. कारण काकांनीच त्यांना सांगितलं, त्या लॅबवाल्या मॅडमना कळवा, त्यांना आनंद होईल.

१८ जुलै, गुरुवार

काका आले. सिलिंडर घेऊन नाही, नुसतेच. इस्त्रीचा शर्ट घालून. ऑपरेशन सोमवारी. हातात बिस्किटांचा डबा, सगळ्यांसाठी. म्हणाले, तुमच्या मशीनने पकडलं म्हणून, नाहीतर आम्हाला कुठलं कळायला.

मी त्यांना खुर्ची दिली. डबा टेबलावरच राहू दिला, उघडला नाही. आणि सांगितलं. मशीनने मार्चमध्येच पकडलं होतं. तीनदा. मी खोडलं. चूक नव्हती ती, मला माहीत होतं.

शर्टाच्या बाहीचं बटण लावलेलं होतं, ते त्यांनी काढलं, पुन्हा लावलं. माझी तयारी होती. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चार महिन्यांत वाढली असेल का ती?"

माहीत नाही, म्हटलं. वाढली असेल.

"मग हे डॉक्टरांना सांगून ठेवा. त्यांना लागेल."

हो म्हटलं. ते उठले. दारापर्यंत गेले, परत आले आणि डबा उचलून घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, घरी मुलं आहेत, त्यांना होतील. योग्यच केलं. मी त्यांच्या जागी असते तर डोक्यात घातला असता.

सर्जनना लगेच फोन केला. तारखांसकट सगळं सांगितलं.

२२ जुलै, सोमवार

ऑपरेशन सकाळी आठला. अकरापर्यंत मी एकच चिप धूत होते.

सुखरूप.

३० जुलै, मंगळवार

गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ. कुठे पसरलेली नाही. सर्जन म्हणाले, एरवी ही चार-सहा वर्षांनी सापडते, तोवर यकृतात गेलेली असते. मार्च काय नि जुलै काय, फार फरक पडला नसावा. नसावा, म्हणाले. नाही, असं म्हणाले नाहीत. मी तो शब्द नीट ऐकला.

सर नव्याने पेपर लिहायला बसलेत. सतरा नंबर आता आमचा सगळ्यात भक्कम पुरावा! लक्षणं नसलेल्या माणसात चिपने गाठ ओळखली. माझ्या खोटेपणाचा असा सत्कार होणार, हे बघून लाजेने मान खाली जाते. सर म्हणाले, बुडबुड्याचा परिच्छेद तू लिही, पहिल्याच पानावर घेऊ. समितीने मला वर्षभर एकटीने नमुने तपासायला बंदी केली आहे. माझ्या प्रत्येक आकड्याखाली दुसऱ्याची सही. बरंच वाटतंय त्याचं.

नव्या पेपरसाठी सगळ्यांची लेखी परवानगी घेऊन यादी उघडली. कुलूपबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. ताई, नंबर नऊ. नऊची रेघ काढून पाहिली. पंचवीसात सर्वात सपाट! गोळ्या घेऊनसुद्धा. काही माणसांत नाही वाढत. जीव भांड्यात पडला. वजन कमी झालं ते दुकानातल्या दगदगीनेच. कुलूपबाई म्हणाल्या, जा, घरी जाऊन जेव नीट.

जेवले. आज पहिल्यांदा वाटतंय, यातून मी बाहेर पडेन.

९ ऑगस्ट, शुक्रवार

भाऊजींचा फोन आला. ताईच्या छातीत गाठ. काखेतही गेली आहे. आमच्या चिपवर कधीच दिसली नसती. दुर्मिळ काही नाही, हजारो बायकांना होतो तोच कॅन्सर, कुठल्याही डॉक्टरच्या हाताला गाठ सहज लागली असती.

तिच्या हाताला जानेवारीपासून लागत होती. मी संध्याकाळी गेले आणि ओरडलेच तिच्यावर, दाखवली का नाहीस? पोटासाठी गेलीस तेव्हा तरी?

ती म्हणाली, "तुझ्याकडे कॅन्सरसाठी रक्त दिलं होतं ना. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, तुला काही झालेलं नाही."

म्हणाले होते. फोनवर, घाईत, दुसरं काहीतरी करता करता. तेव्हा तिचा नंबर कोणता हेही मला माहीत नव्हतं. तारीख आठवत नाही. या वहीत शोधली. लिहिलेलंच नाही.